वेळावदर: चित्त्यांच्या शिकारीचं माळरान

भावनगर सोडून भाल प्रदेशात शिरलो आणि जमिनीला उंचवटा म्हणून उरला नाही. खंभातच्या आखाताकडे खारट चिखलवट, अलीकडे पिवळं गवत, आणि गवतात काळविटांचे कळप.

१९७६ पासून वेळावदर हे राष्ट्रीय उद्यान आहे, जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं. त्याआधी ही भावनगरच्या महाराजांची राखीव गवताळ जमीन होती आणि इथे काळविटांची शिकार व्हायची ती चित्त्याकरवी. आम्ही कोल्हापूरचे; शाहू महाराजांचे चित्ते आणि ते सांभाळणारे चित्तेवान यांच्या गोष्टी घरोघरी. त्यामुळे ही जागा बघायचीच होती.

डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीवर बसवायचा. शेतकऱ्यांच्या गाड्या काळविटांना रोजच्याच, त्यामुळे बैलांना ती बुजत नसत. गाडी कळपावर सरळ न घालता तिरकी, वळसे घेत जवळ न्यायची. टप्प्यात आलं की टोपी काढायची. चित्ता धावतो भन्नाट, पण काही शे मीटरच; तेवढ्यात साधलं नाही तर तो नाद सोडून देतो. साधलं तर चित्तेवान पळत जाऊन त्याला त्याचा वाटा चारायचा, पुन्हा टोपी घालायचा आणि सावज सोडवून घ्यायचा.

कौशल्य थोरच, पण त्याची किंमत चित्त्याने मोजली. पिंजऱ्यात त्याची वीण जवळजवळ होतच नसे, म्हणून प्रत्येक शिकारी चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. पुढे देशात चित्ते मिळेनात, तेव्हा भावनगर आणि कोल्हापूर दोघांनीही ते आफ्रिकेतून आणवले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

शिकार मात्र इथे थांबलेली नाही. "जुओ साहेब," म्हणत गाईडने जीप थांबवली. एक लांडगा उघड्यावरून संथ चालत होता आणि सगळा कळप माना वर करून त्याच्याकडेच बघत होता. दुसरा, बराच लांब, गवतात दबून बसलेला; गाईडने दाखवला नसता तर मला दिसलाच नसता. पहिल्याने एकदम वेग घेतला, कळप उसळला. माद्यांच्या उंच उड्या, धूळ, आणि पिलू एकटं पडतंय असं वाटतानाच कळप वळला. लांडगे हात हलवत परतले. माझा श्वास कितीतरी वेळ जागेवर येत नव्हता.

हे दृश्य टिकलं, कारण इथलं गवत कुणीतरी आधी शिकारीसाठी आणि मग काळविटांसाठी राखलं. आपल्या सोलापूर-नगरच्या माळांवरही काळवीट आणि लांडगा आहेत. पण तो माळ आपल्याला पडीक वाटतो आणि हौसेने तिथे झाडं लावली जातात. माळावर झाडं लावणं हे पुण्य नव्हे, तिथल्या जनावरांचं घर मोडणं आहे.

उद्यान १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. हिवाळ्यात जा आणि संध्याकाळची फेरी चुकवू नका. मध्य आशियातून आलेले भोवत्ये (हॅरिअर, शिकारी पक्षी) शेकड्यांनी याच गवतात रात्रीच्या मुक्कामाला उतरतात.