बाजार उसळला तो शुक्रवार

२० सप्टेंबर २०१९. सकाळी गोव्याहून फ्लॅश आला आणि लोअर परळच्या आमच्या न्यूजरूममध्ये धावपळ उडाली. जीएसटी परिषदेच्या बैठकीआधीच अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनी कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला होता. नव्या कारखान्यांना तर १५ टक्केच. तोही अध्यादेश काढून, म्हणजे संसदेत चर्चा नंतर. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, हे सरकारनेच सांगितलं होतं.

मी आउटपुटला, म्हणजे पडद्यावर काय जाईल ते ठरवणाऱ्या डेस्कवर होते. पडद्यावरच्या टॉप बँडवर ‘दिवाळीआधी दिवाळी’ चढलं, थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन दलाल स्ट्रीटला पळाली. फोनोवर, म्हणजे फोनवरच्या थेट मुलाखतींत, ब्रोकर, फंडवाले, उद्योजक. सेन्सेक्स १,९२१ अंकांनी वर बंद झाला. बातमी मोठीच होती, यात वाद नाही. मंदी जाणवत होती, गुंतवणूक वाढावी हा सरकारचा युक्तिवादही ऐकण्यासारखा होता.

पण डेस्कवरच्या एका नव्या मुलीने ग्राफिक्सकडून एक फुल फ्रेम करून घेतली होती. डावीकडे कंपनी कर, ३० वरून २२. उजवीकडे पाच रुपयांचा बिस्किटपुडा, जीएसटी १८ टक्के. खाली एकच ओळ: ‘हे दीड लाख कोटी भरून कोण काढणार?’ नाक्यावरचा हमाल तो पुडा घेतो तेव्हा तोही करदाताच असतो, हे इतक्या स्वच्छपणे मांडलेलं मी पडद्यावर क्वचितच पाहिलंय.

दुपारच्या रनडाउनमधून, म्हणजे बुलेटिनच्या क्रमवारीतून, ती फ्रेम पडली. संध्याकाळीही पडली. वरून कुणाचा फोन आला नव्हता, तशी गरजच नसते. ज्यांच्या जाहिरातींवर चॅनेल चालतं त्यांचा आनंद हीच बातमी, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. मी भांडले. शेवटी रात्री साडेअकराला ती फ्रेम पडद्यावर गेली.

दुसऱ्याच दिवशी विधानसभेची तारीख जाहीर झाली, मतदान २१ ऑक्टोबर. उमेदवारांच्या चर्चेसाठी मी अँकरच्या कागदावर हाच प्रश्न लिहिला. तो खोडला गेला: ‘केंद्राचा विषय आहे, राज्यात कशाला?’ अहो, तेव्हा केंद्रीय करांच्या वाटपयोग्य निधीतला ४२ टक्के वाटा राज्यांचा होता. तिजोरीत कमी आलं की आपल्या शाळा-दवाखान्यांच्या पैशालाही कात्री लागणार. याहून राज्याचा विषय कुठला? प्रचार कलम ३७० वर रंगला आणि मतदाराने हा हिशेब न ऐकताच बटण दाबलं. मला त्याचा आजही संताप येतो.

२०२३-२४ मध्ये वैयक्तिक आयकराची वसुली कंपनी करापेक्षा जास्त झाली. करसवलतींपायी किती महसूल सुटला, याचं परिशिष्ट अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत असतं. भाषण संपलं की ते छापून मी अँकरच्या हातात देते. ती मुलगी आता रनडाउन लावते आणि त्याची जागा प्राइम टाइमला धरून ठेवते.