लागलं का? नाही ना?

पुण्यात रस्त्यावरची भांडणे पूर्वीही होत असत आणि आजही होतात. पण सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्यात जे काही घडते त्याला भांडण म्हणावे की नाही, याविषयी मला अलीकडे शंका येऊ लागली आहे. भांडणाला थोडीतरी बरोबरी लागते. दोघांचे डोळे साधारण एका उंचीवर असावेत, एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू जावे, आणि मुख्य म्हणजे दोघांनाही थोडेफार खरचटलेले असावे. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल, तर उरतो तो एका बाजूचा संताप आणि दुसऱ्या बाजूची बंद काच.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७२ साली आलेल्या चेतक आणि लुना या दोन गाड्या मध्यमवर्गीयांच्या दारात अजून अपूर्वाईने उभ्या असत त्या काळात, पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. अलका टॉकीजच्या चौकात दोन सायकली एकमेकींना धडकल्या, की पुढचा कार्यक्रम ठरलेला असे. दोघेही पडत. दोघेही आधी कोणा ओळखीच्या माणसाने पाहिले तर नाही ना, याची खात्री करून घेत, मग धूळ झटकत, सायकल उभी करत आणि पुढचे चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून वाकडे झालेले हँडल पिळून सरळ करू लागत. भांडण चाले ते याच अवस्थेत, चाक गुडघ्यांत धरून, त्यामुळे हातवारे करायला कोणाचेच हात मोकळे नसत आणि आवाज चढला तरी प्रकरण हातघाईवर क्वचितच येई. हँडल सरळ झाले, उतरलेली चेन बसली, बोटांचे काळे वंगण मडगार्डला पुसून झाले, की बोलण्यासारखे काही उरत नसे. ‘जरा बघून चालवत जा हो,’ असे दोघेही एकमेकांना बजावत आणि दोघेही आपापल्या ऑफिसला उशिरा पोहोचत. त्या भांडणात न्याय होता असा माझा दावा नाही. पण समानता नक्की होती.

मोटार आली आणि हिशेब बदलला. साधी, मध्यम आकाराची मोटार बाराशे किलोंच्या आसपास भरते. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो. मोटार ताशी चाळीस किलोमीटरने जात असेल आणि सायकल पंधराने, तर शाळेत शिकलेल्या गतिज ऊर्जेच्या सूत्राप्रमाणे मोटारीत सायकलीच्या जवळजवळ शंभर पट ऊर्जा असते, कारण वस्तुमानाबरोबर वेगाचा वर्गही मोजावा लागतो. सायकलस्वार कितीही बेफिकीर असला, तरी मोटारीतल्या माणसाचे फारसे काही वाकडे करू शकत नाही. मोटारवाला मात्र अगदी सज्जन, देवभीरू आणि आईवडिलांच्या आज्ञेत असला, तरी केवळ एका क्षणाच्या आळसाने समोरच्याला अंथरुणाला खिळवू शकतो. हे आकडे त्याच्या डॅशबोर्डवर कुठेही दिसत नाहीत.

कर्वे रस्त्यावर, जिथे आता डोक्यावरून मेट्रो जाते आणि खाली खांबांमुळे रस्ता आणखी आवळल्यासारखा झाला आहे, तिथे एका संध्याकाळी मी डाव्या कडेने चाललो होतो. मागून एक पांढरी गाडी आली, हॉर्न देऊन माझ्या पुढे गेली आणि पुढे जाताच, इंडिकेटर वगैरे न देता, थेट माझ्यासमोर डावीकडे वळून एका मिठाईच्या दुकानापुढे तिरकी उभी राहिली. मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचे चाक घसरले, एक पाय जमिनीवर आपटला आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीतली मेथीची जुडी उडून गाडीच्या मागच्या चाकाशी जाऊन पडली. मी पुढे होऊन काचेवर बोटाने टकटक केली. काच चार बोटे खाली आली. आतून थंड हवा आणि गाणे दोन्ही बाहेर आले.

“अहो, वळताना इंडिकेटर तरी द्यायचा!”

“काय झालं काका? लागलं का?”

“लागलं नाही, पण—”

“नाही ना लागलं? मग झालं तर! आणि गाडीला हात नका लावू हं, आत्ताच पॉलिश केलीय.”

काच पुन्हा वर गेली. शेजारचा केळीवाला गाडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत म्हणाला, “जाऊ द्या ना काका.” त्याने चाकाजवळची मेथी उचलून, झटकून मला दिली, हे मात्र सांगितलेच पाहिजे.

‘लागलं का?’ हा प्रश्न वरवर पाहता किती मायेचा आहे! आईने विचारावा तसा. पण रस्त्यावर त्याचा अर्थ ‘पुरावा दाखवा’ एवढाच असतो. रक्त नसेल, हाड मोडलेले नसेल, तर सायकलस्वाराची तक्रार दाखल करून घेण्याजोगी मानली जात नाही. छातीत झालेले धस्स, पुढचे दहा मिनिटे थरथरणारे गुडघे, त्यानंतर आठवडाभर मागून आलेल्या प्रत्येक इंजिनाच्या आवाजाला कान टवकारण्याची लागलेली सवय, यांपैकी कशालाच पोचा पडत नाही. गाडीच्या काचेवर माझ्या बोटाचा ठसा मात्र उमटलेला असतो आणि तो दाखवता येतो. त्यामुळे त्या प्रसंगात नुकसान कोणाचे झाले, असे कोणी तिथे येऊन विचारले असते, तर उत्तर बहुधा पॉलिशच्या बाजूने गेले असते.

मी मेथी पिशवीत कोंबत तिथे थोडा वेळ उभा राहिलो आणि त्या गृहस्थाकडे पाहत राहिलो. गाडीतून उतरून तो दुकानात गेला. दुकानात गर्दी होती, आणि हा माणूस, जो माझ्या मागे पाच सेकंद थांबू शकला नव्हता, तो तिथे निमूटपणे रांगेत उभा राहिला. एका म्हाताऱ्या बाईंना त्याने स्वतःच्या पुढे जाऊ दिले. काउंटरवरच्या मुलाने ‘सुटे द्या’ असे पुण्याच्या रिवाजाप्रमाणे दरडावले, तेव्हा याने न रागावता खिसे चाचपले. म्हणजे माणूस वाईट नव्हता. दुकानात त्याच्या कोपराला दुसऱ्याचे कोपर लागत होते, पुढच्याची मान, मागच्याचा श्वास, सगळे त्याला जाणवत होते, म्हणून तो माणसांत होता. काचेआड गेला की समोरची माणसे त्याच्यासाठी फक्त कमी वेगाच्या वस्तू होतात. स्वार्थ हा शब्द मी त्याच्यासाठी मुद्दाम वापरतो, पण तो त्याच्या स्वभावात असण्यापेक्षा त्याच्या आसनव्यवस्थेत जास्त आहे, असे मला वाटते.

ब्रेक कोणी दाबायचा, या प्रश्नातही असाच एक अन्याय आहे आणि तो सायकल न चालवणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. सेनापती बापट रस्त्याचा चढ चढून आलेल्या माणसाने जो वेग कमावलेला असतो तो त्याच्या स्वतःच्या मांड्यांतून आलेला असतो, आणि कोणी आडवे आल्यामुळे तो पुरता थांबला की ती कमाई ब्रेकच्या रबरात जळून जाते. पुन्हा शून्यापासून, पेडलवर उभे राहून, अंगाचा भार टाकून सुरुवात करावी लागते. मोटारवाल्याला थांबून निघायला उजव्या पायाचा तळवा अर्धा इंच खाली दाबावा लागतो. तरीही रस्त्यावरचा अलिखित नियम असा, की थांबायचे ते सायकलवाल्याने. ज्याला थांबणे महाग पडते त्यानेच दर वेळी थांबायचे, आणि ज्याला ते जवळजवळ फुकट आहे त्याला घाई असते.

या वादात कोणीतरी हमखास कराचा मुद्दा काढतो. ‘आम्ही रोड टॅक्स भरतो, सायकलवाले काय भरतात?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते गाडीबरोबरच्या माहितीपुस्तिकेत छापून येत असावे. वाहनकर राज्य सरकारकडे जमा होतो आणि शहरातले बहुतेक रस्ते महापालिका बांधते, ज्यासाठी ती मिळकतकराचा आधार घेते. आणि तो मिळकतकर सायकलवर बसणारे लोकही भरतात, भाड्याच्या घरात राहत असतील तर भाड्यातून भरतात. शिवाय इतिहासच काढायचा तर एके काळी पुण्यात सायकलवरही कर होता. त्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे; तो नसला, रात्री दिवा नसला किंवा कोणी डबलसीट दिसले, की अडवणूक होई. चौकाच्या अलीकडे डबलसीटवाल्याने टुणकन उतरून, पोलिसासमोरून अनोळखी माणसासारखे चालत जाऊन, पलीकडे पुन्हा कॅरिअरवर उडी मारणे ही कला ज्या पिढीने आत्मसात केली होती, तिला ‘तुम्हाला कुठे काय नियम असतात’ हे ऐकवणे जरा धाडसाचेच आहे.

सायकलींसाठी वेगळी वाट द्यावी, हा विचार पुण्याला नवा नाही. २००६ च्या अखेरीस बीआरटी, म्हणजे बससाठीची वेगळी मार्गिका, सुरू झाली त्या काळात तिच्या कडेने सायकल मार्ग आखले गेले, २०१७ साली महापालिकेने शहराचा एकत्रित सायकल आराखडा मंजूर केला, जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले तेव्हा त्यातही सायकलला जागा काढली गेली. या वाटांवर आज संध्याकाळी जाऊन पाहावे. तिथे गाड्या उभ्या असतात, आणि प्रत्येक गाडीचा मालक ‘दोनच मिनिटांसाठी’ गेलेला असतो. एकाची दोन मिनिटे संपतात तेव्हा दुसऱ्याची सुरू होतात, त्यामुळे कोणीही नियम फारसा मोडलेला नसताना वाट मात्र दिवसभर बंद राहते.

उभ्या गाड्यांच्या या रांगेतली खरी भीती तिच्या दारांची असते. चालत्या गाडीचा निदान आवाज येतो. उभ्या गाडीचे दार एकाएकी उघडते आणि त्याची कड नेमकी हँडलच्या किंवा बरगडीच्या उंचीवर येते. सायकलस्वार ते चुकवायला उजवीकडे झुकतो आणि मागून येणाऱ्या बसच्या वाटेत जातो. यावरचा उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे: आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो, त्याने दार उजव्या हाताने न उघडता डाव्या हाताने उघडावे. डावा हात उजवीकडच्या दारापर्यंत न्यायचा म्हटले, की खांदे आपोआप वळतात, मान वळते आणि मागून येणारा दिसतो. डावीकडे बसलेल्याने अर्थातच उजवा हात वापरावा. नेदरलँड्समध्ये ही सवय गाडी शिकतानाच लावतात असे म्हणतात. तिथला कायदाही मला विचार करण्यासारखा वाटतो. १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत शेकडो मुले होती. लोक रस्त्यावर उतरले आणि पुढच्या काही दशकांत देशाने आपले रस्ते नव्याने आखले. आज तिथे मोटार आणि सायकल यांचा अपघात झाला, तर सायकलस्वाराचे निदान अर्धे नुकसान साधारणपणे मोटारवाल्याकडे जाते, आणि सायकलवर चौदा वर्षांखालचे मूल असेल तर जवळजवळ सगळेच. सुरुवात वजनापासून होते, चूक कोणाची हे त्यानंतर पाहिले जाते. आपल्याकडे सुरुवात ‘लागलं का?’पासून होते.

सायकलवाले धुतल्या तांदळासारखे असतात, असे मला म्हणायचे नाही. उलट्या दिशेने येणारे, सिग्नल हा फक्त इंजिनवाल्यांसाठी असतो असे मानणारे, रात्री मागे साधा लाल दिवाही न लावता काळ्या शर्टात फिरणारे सायकलवाले मी रोज पाहतो आणि त्यांच्यावर ओरडतोही. पण त्यांची चूक आधी त्यांच्याच अंगावर येते, आणि ते त्यांना ठाऊक असते.

अलीकडे मी उभ्या गाड्यांच्या रांगेपासून हातभर नव्हे, चांगले दारभर अंतर राखून चालतो. त्यामुळे मी डावी कड सोडून लेनच्या साधारण मध्यावर येतो आणि मागून हॉर्न सुरू होतात. पूर्वी त्या हॉर्नने मी दचकून कडेला होत असे. आता होत नाही, कारण हॉर्न वाजवणाऱ्याने मला पाहिलेले असते आणि भीती बाळगावी ती न वाजवणाऱ्याची. मोकळी जागा मिळाली की मी बाजूला होतो, हात करून त्याला पुढे जायला सांगतो, आणि बहुतेक जण जाताना काच खाली करून काही ना काही बोलून जातात, ज्यातले अर्धे वाऱ्यात मला ऐकू येत नाही. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सहानंतर हे दारभर अंतर राखण्याइतकी रुंदीच शिल्लक नसते, तेव्हा तिथे मी सरळ उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो.