गोधडी कोणाच्या मालकीची

2014 मध्ये इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या माडीवर, सुती साड्यांचे दोन गठ्ठे आणि चार शिवणाऱ्या बायका एवढ्यावर गोधड्यांचे काम सुरू झाले, तेव्हा व्यवसाय माझ्या एकटीच्या नावावर होता. परदेशीपुऱ्यातल्या जुन्या गिरणी कामगारांच्या घरांतल्या या बायका नगावर मजुरी घेत आणि उरलेला पैसा कायद्याने माझा ठरे. आठ वर्षांत त्या एकोणतीस झाल्या आणि हे मला खटकू लागले.

सनदी लेखापालांनी आधी सोसायटी, म्हणजे सभासदांची नोंदणीकृत संस्था, सुचवली. मध्य प्रदेशच्या 1973 च्या अधिनियमाखाली सात सभासद पुरतात, आणि महेश्वरच्या विणकरांसाठी 1978 पासून काम करणारी रेहवा सोसायटी डोळ्यांसमोर होतीच. दुसरा पर्याय कंपनी कायद्याच्या कलम 8 खालच्या, म्हणजे नफा न वाटणाऱ्या कंपनीचा होता. दोन्हींत देणग्या घेता येतात. मात्र शिल्लक सभासदांत वाटता येत नाही, ती संस्थेच्या उद्दिष्टांसाठीच वापरावी लागते. शाळा किंवा दवाखाना चालवणाऱ्यांना हे योग्यच आहे, पण आमच्याकडे शिवणारीला हक्काचा वाटा मिळावा हाच उद्देश होता, आणि तोच त्यात बसत नव्हता.

म्हणून 2022 मध्ये आम्ही उत्पादक कंपनी, म्हणजे माल तयार करणाऱ्यांच्याच मालकीची कंपनी, नोंदवली. ती शेतकऱ्यांचीच असते असा समज आहे, परंतु हस्तकला व कुटीरोद्योगातले उत्पादकही ती स्थापू शकतात. किमान दहा जणी लागतात, भाग (शेअर) कितीही असले तरी प्रत्येकीला एकच मत असते, आणि बोनस ज्या प्रमाणात माल दिला त्या प्रमाणात मिळतो. याची किंमतही मोजावी लागली. सामाजिक दायित्व निधीतून (कंपन्या समाजकामासाठी खर्च करतात तो पैसा, सीएसआर) एक कंपनी आम्हाला मदत देणार होती, पण तो निधी राबवणारी संस्था न्यास, सोसायटी किंवा कलम 8 ची कंपनी असावी लागते, त्यामुळे ती मदत हुकली. जुना व्यवसाय नव्या कंपनीकडे सोपवताना जीएसटीची नोंदणीही नव्याने करावी लागली.

सर्वांत अवघड अट माझ्याविषयी होती. अशा कंपनीचा पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी सभासदांबाहेरचाच असावा लागतो. मी सभासद झाले असते तर कारभार सोडावा लागला असता. मी कारभार निवडला आणि मालकी सोडली. आता माझा पगार ज्या संचालक मंडळाकडून ठरतो, त्यात पहिल्या चौघींपैकी तिघी आहेत.

पहिल्या वार्षिक सभेत बोनस किती द्यावा आणि कापडासाठी किती राखावे यावर दोन तास चर्चा झाली. मी हिशेब वाचून दाखवला. ठराव त्यांनी केला.