जिवंत मालाचा व्यवसाय : आमची वाटचाल

आमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुड्यात शेतीला उपयोगी पडणारे कोट्यवधी जिवाणू असतात, आणि शेतकरी तो पुडा फोडेल त्या दिवशी ते जिवंत असले तरच त्याने मोजलेल्या पैशांना अर्थ राहतो. या एका गोष्टीभोवती आमची आजवरची वाटचाल झाली आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही बहीण-भावांनी काम सुरू केले. दोघांचेही शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातले. सुरुवात जैविक खतांपासून केली, कारण १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ साली त्यांचा समावेश झालेला असल्याने नियम स्पष्ट होते आणि हवेतील नत्र जमिनीत आणणारा अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा स्फुरद विरघळवणारे जिवाणू ऊस उत्पादकांच्या ओळखीचे होते.

पीक संरक्षणाकडे आम्हांला वळवले ते शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतील भाजीपाला उत्पादकांनी. रोपवाटिकेत रोपे कोलमडणे, लागणीनंतर मर आणि मूळकूज, या तक्रारी घेऊन ते येत आणि जिवाणू खत देता तसे यावरही काही द्या, असे म्हणत. त्यातून सूडोमोनास फ्लुरोसन्सचे उत्पादन सुरू झाले. हा जिवाणू मुळांभोवती वस्ती करतो, मातीतील लोह स्वतःकडे ओढून घेऊन रोगकारक बुरशीला त्याची टंचाई भासवतो, काही प्रतिजैविके स्रवतो आणि वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. त्याची ओळख पटवण्याची एक रीत मला आजही आवडते : योग्य माध्यमावर वाढवलेली प्लेट अतिनील दिव्याखाली धरली की वसाहतींभोवती पिवळसर हिरवी चमक दिसते. शाळेची सहल आली की मुलांना आम्ही प्रथम हीच प्लेट दाखवतो.

मात्र सूडोमोनास बीजाणू, म्हणजे कठीण काळ काढण्यासाठीच्या टणक सुप्त पेशी, तयार करत नाही, त्यामुळे उष्णता आणि कोरडेपणा त्याला फार काळ सोसत नाही. शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेला माल एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालील दुकानात पडून राहिला, तर त्यातील जिवंत संख्या झपाट्याने घसरते. म्हणून आम्ही उन्हाळ्यात साठा करून ठेवण्यास नकार देतो, लागेल तेवढाच माल थोडा थोडा पाठवतो, आणि एका वेळी बनवलेल्या प्रत्येक खेपेचा नमुना ठेवून त्यातील संख्या मुदत संपेपर्यंत ठरावीक काळाने मोजतो. काही विक्रेत्यांना ही पद्धत परवडली नाही आणि त्यांनी आमचा माल ठेवणे बंद केले. त्यांची अडचण आम्हांला समजते, परंतु मेलेल्या जिवाणूंची भुकटी विकण्यापेक्षा ते गिऱ्हाईक गमावणे आम्ही पत्करले. बॅसिलस सबटिलिस या बुरशीला रोखणाऱ्या दुसऱ्या जिवाणूच्या बाबतीत हे ओझे हलके होते, कारण त्याचे बीजाणू प्रतिकूल काळात सुप्त अवस्थेत टिकून राहतात.

पिके खाणाऱ्या अळ्यांच्या बंदोबस्तासाठी आम्ही बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, बनवतो. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना हा जिवाणू आजारी रेशीमकिड्यांत आढळला आणि १९११ साली जर्मनीत बर्लिनर यांनी पिठातील पतंगाच्या अळीवरून त्याचे वर्णन केले. त्याच्यातील प्रथिनांचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात, आतड्याच्या आवरणाला भोके पडतात, अळी काही तासांतच खाणे थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. हा मधला काळ शेतकऱ्याला आधी समजावून सांगावा लागतो, कारण फवारणीच्या दुसऱ्या दिवशी कोबीच्या पानावर जिवंत अळी दिसली की औषध वाया गेले असे वाटणे साहजिक आहे. अळ्या लहान असताना आणि ऊन उतरल्यावर फवारणी करावी, हा आमचा आग्रह असतो. ऊन त्या प्रथिनाचा लवकर नाश करते. शेजारी तुतीची लागवड असेल तर आम्ही बीटी देत नाही, कारण तुतीच्या पाल्यावर वाढणारे रेशीमकिडेही त्याने मरतात. कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने बीटीलाही दाद न दिल्याची नोंद हवाईतून १९९० साली झाली होती, त्यामुळे एकाच पिकावर सलग बीटीच फवारा, असे आम्ही कोणालाही सांगत नाही.

पीक संरक्षणाच्या या उत्पादनांच्या कीटकनाशक कायदा १९६८ खालील नोंदणीत बराच काळ आणि पैसा गेला. आमच्यासारख्या लहान उद्योगाला ते जड गेले, तरीही ही अट योग्यच आहे असे माझे मत आहे, कारण साध्या भुकटीवर जैविक असे छापून विकणाऱ्यांमुळे सगळ्यांच्याच मालावरचा विश्वास उडतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शिरोळ भागातून फार मागणी आली. उसाच्या सऱ्यांत गाळ आणि पाणी साचले होते आणि शेतकऱ्यांना तातडीचा उपाय हवा होता. सूडोमोनासला हवा लागते, म्हणून आधी चर काढून पाण्याचा निचरा करा, वाफसा आला, म्हणजे जमीन नुसती ओलसर राहिली, की जिवाणू मिसळलेले पाणी मुळाशी ओतून आळवणी करा, असे आम्ही त्यांना सांगितले. ताम्रयुक्त बुरशीनाशक त्याच पाण्यात मिसळू नये, हेही प्रत्येक पुड्यावर ठळक छापले.

सध्या आमचे लक्ष उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी या किडीवर आहे. हेटरोऱ्हॅब्डायटिस नावाचे सूक्ष्म सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे कृमी, हुमणीच्या अळीत शिरतात आणि आपल्या पोटातील फोटोऱ्हॅब्डस हे जिवाणू तिच्या शरीरात सोडतात; अळी मरून विटकरी लाल पडते. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात आणि जून-जुलैत अळ्या लहान असतात, तेव्हाच हा उपाय उपयोगी पडतो. पुढे अळी मोठी होऊन मुळे खाऊ लागली की खर्च वाढतो आणि गुण कमी येतो. हे सूत्रकृमी वाढवण्यासाठी सध्या मेणकिड्याच्या जिवंत अळ्या लागतात, त्यामुळे एकरी खर्च सामान्य ऊस उत्पादकाच्या आवाक्याबाहेर जातो. तो उतरावा म्हणून कृत्रिम माध्यमावर त्यांची वाढ करण्याचे प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत चालू आहेत, आणि दर परवडण्याजोगा होईपर्यंत हे उत्पादन आम्ही बाजारात आणणार नाही.