पडवीतला जॅक

रविवार, रात्री

आज दिवसभर उघडीप होती. हस्ताच्या पावसाचा भरवसा नाही, म्हणून चहा झाल्या झाल्या मोटरसायकलला हात घातला. गणपतीतली ये-जा, हायवेचा चिखल आणि वर हा वेंगुर्ल्याचा खारा वारा, एवढं झाल्यावर चेन तांबडी होणारच. गाडीला डबल स्टँड नाही. साइड स्टँडवर ठेवून, गाडी वीतभर पुढे ढकलायची, तेवढीच चेन घासायची, परत ढकलायची, असं करताना कंबरेचा काटा ढिला होतो. गावात पाना धरणारे आहेत, पण दसरा जवळ आला की त्यांच्याकडे रांग लागते. त्यामुळे यंदा मोटरसायकलचा जॅक आणला आहे, तेलाच्या दाबाने उचलणारा, दोन आडव्या रबरी हातांचा.

त्याच्यावर ५०० किलो लिहिलंय. गाडी १८० किलोंच्या आसपास. म्हणजे वजनाचा प्रश्नच नाही, आणि गंमत अशी की जॅक घेताना सगळे तेवढंच विचारतात. वर्गात पास्कलचा नियम, म्हणजे कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे शिकवताना मी फळ्यावर एक बारीक दट्ट्या आणि एक जाड दट्ट्या काढतो. क्षेत्रफळ वीसपट असेल तर १० किलोंच्या भाराने २०० किलो उचलले जातात, आणि त्या बदल्यात बारीक दट्ट्या वीसपट जास्त सरकवावा लागतो. जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाने १७९५ साली याच तत्त्वावरच्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. उचलण्याचं कोडं तेव्हापासून सुटलेलं आहे. उचललेली वस्तू आडवी होणार नाही, हे मात्र तो नियम कुठेच सांगत नाही.

त्याचा हिशोब नववीच्या पोरांनाही जमेल. गाडी जॅकवर टेकते ती इंजिनखालच्या फ्रेमच्या दोन नळ्यांवर. त्यांच्यातलं अंतर २० सेंटीमीटर धरा, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला १०. गुरुत्वमध्य त्यांच्या वर ५० सेंटीमीटर धरा. साधारण ११ अंश कलली की लंबरेषा टेकूच्या बाहेर, आणि खेळ खलास. अकरा अंश म्हणजे काहीच नाही. घट्ट नट सोडवताना पान्याला दिलेला एक झटका पुरे.

म्हणून मागच्या अॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा नट, जो चेनची ढिलाई बसवायला सोडावा लागतो, तो मी गाडी जमिनीवर असतानाच ढिला करून घेतला. ताकदीची कामं दोन्ही चाकं खाली असताना उरकायची आणि वर फक्त हलक्या हाताची कामं ठेवायची. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

एवढ्यात शेजारचे तात्या आले. जन्मभर होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके होते, आता गुडघ्यांमुळे घरी असतात. मी जॅकचा खटका, म्हणजे वर गेलेला जॅक अडवून धरणारा तुकडा, तपासत होतो.

"जॅकाक कित्याक बघतंस मास्तर? आदी जमीन बघ."

खरं आहे. व्हिडिओतल्या लोकांच्या गॅरेजची जमीन आरशासारखी असते. आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, पावसाने अजून फुगलेलं, शेवाळाने निसरडं, आणि पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराचं. जॅकची छोटी चाकं तिथे रुतणार. कडेच्या जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवावं तर त्यांची कोर कधी ढासळेल सांगता येत नाही. उरली पडवी. तिथे कोबा आहे, पण तोही बाहेरच्या बाजूला जरासा उतरता. धाकट्याची गोटी घेतली आणि जागोजागी ठेवून पाहिली. भिंतीकडच्या खांबांच्या मधोमध ती जागची हलली नाही. तिथे जाड प्लायवूडचा तुकडा टाकला, कोंबड्या बाहेर हाकलल्या, पोरांना आत पाठवलं.

पुढच्या चाकाला दोन्हीकडून लाकडी पाचरी लावल्या. पुढचा ब्रेक दाबून जुन्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला बांधला. गिअरमध्ये टाकली आहे एवढ्यावर विसंबता येत नाही, कारण मागचं चाक हवेत गेलं की गिअर कशाला धरणार? जॅकचे हात फ्रेमच्या नळ्यांखालीच यायला हवेत. सायलेन्सर, ऑइलचा ड्रेन बोल्ट किंवा इंजिनचं नुसतं अॅल्युमिनियम यांच्यावर भार येता कामा नये. फ्रेमपेक्षा ड्रेन बोल्ट खाली डोकावतो, म्हणून मध्ये फणसाच्या फळीचे दोन तुकडे घातले. तात्यांचा मुलगा हँडल आणि सीटमागची दांडी धरून गाडी सरळ उभी ठेवत होता, मी जॅकचा दांडा मारत होतो. एकट्याने हे करू नये. कारच्या जॅकवर तर मुळीच नको. तो टनभर उचलतो, पण त्याचं डोकं तळहाताएवढं.

चाक बोटभर सुटल्यावर थांबलो. चेन फिरायला तेवढं पुरतं. प्रत्येक जादा इंचाबरोबर वजन वर जातं आणि वरचं वजन कलायला निमित्तच शोधत असतं. मग खटका अडकवला आणि तेलाचा व्हॉल्व्ह जरा सोडून भार त्या लोखंडी खटक्यावर घेतला. तेल रबरी सीलच्या भरवशावर उभं असतं. सील झिजलं की गाडी चोरपावलांनी खाली बसते, आणि तेव्हा आपली बोटं नेमकी कुठे असतील याची खात्री नाही. जॅकने उचलावं, धरायचं काम दुसऱ्या कशाने तरी करावं.

दोर तात्यांनी आणले, जाळ्याचे नायलॉनचे. मला ते वरच्या वाशाला बांधावेसे वाटत होते. तात्यांनी आधी वाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाळवीने आतून किती खाल्लाय कोण जाणे. त्यांनी सीटखालच्या फ्रेमपासून दोन्ही बाजूंच्या खांबांच्या बुडाशी तिरके ताण दिले. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा वर ओढलेल्या होडीला दोन्ही अंगांनी टेकू देतात, तसंच हे, फक्त टेकूच्या जागी दोर.

"आणि पडाक लागलीच तर धरूक जाव नको. पाठी सर. पाय परत गावाचो नाय."

मी सीटला हात लावून बाजूबाजूला हलकेच हलवून पाहिलं. दोर ताणले, गाडी तिथेच.

चेन साफ करायला फार वेळ लागला नाही. इंजिन बंद, चावी खिशात, चाक हाताने उलटं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेन पुसणारे महाभाग मी पाहिले आहेत. स्प्रॉकेट आणि चेनमध्ये सापडलेलं बोट शाबूत राहत नाही. रॉकेल, ब्रश, कोरडं फडकं, मग आतल्या बाजूने ९० नंबरचं गिअर ऑइल. चेनची ढिलाई गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बसवली. चाक पूर्ण काढायचं मात्र आज टाळलं. मागचं चाक निघालं की वजन पुढे सरकतं, आणि मघाचा सगळा तोल नव्याने जुळवावा लागतो. ते कधीतरी सुट्टीत, पुढे आणखी एक ठोकळा लावून.

उतरवताना आधी साइड स्टँड खाली, मग दोर ढिले, तात्यांच्या मुलाचे हात गाडीवर, खटका मोकळा, आणि व्हॉल्व्ह अगदी पाव पाव वळणाने. दोन्ही चाकं टेकल्यावर अॅक्सलचा नट पुन्हा पूर्ण आवळला.

जाताना तात्या म्हणाले, बुधवारी हा जॅक त्यांच्या स्कूटरला हवा आहे. स्कूटरचं इंजिन आणि मागचं चाक एकाच तुकड्यात बिजागरीवर हलतं, खाली प्लॅस्टिक, जॅक लावायला धड जागा नाही. शिवाय तिला डबल स्टँड आहे, हे मी सांगून पाहिलं. त्यांना जॅकच हवा आहे.