कोरडं पेट्रोल

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात ढेलजेच्या आत, जिन्याखाली गाडी उभी होती. अंगावर दोन गोधड्या, त्यावर ताडपत्री आणि सगळ्यांत वर कूलरच्या तुटक्या जाळ्या. नातवानं एकेक बाजूला केलं, तशी आधी हेडलाइटची टोपी दिसली, मग टाकीची बाजू. मी बोटानं धूळ पुसली. खाली मरून रंग, क्रोमची पट्टी, आणि तिच्या कडेनं हातानं ओढलेली सोनेरी रेघ. जावा २५० मोटरसायकल, म्हैसूरच्या कारखान्यातली. आरसी बुकात पहिली नोंदणी १९६६ ची.

सक्करदऱ्याकडे माझं लहानसं गॅरेज आहे. नव्या गाड्यांचं कामही करतो, पोट त्यावर चालतं. पण गावात कोणाच्या घरी जुनी दुचाकी निघाली की बोलावणं मला येतं. इथं बोलावणं आलं कारण वाडा बिल्डरकडे जाणार होता, सामानाच्या वाटण्या चालल्या होत्या, आणि गाडीचं काय करायचं यावर घरात एकमत होत नव्हतं. एक खरेदीदार येऊन पस्तीस हजार सांगून गेला होता. "इंजिन जाम, कागद मेलेले, भंगाराचा भाव देऊन राहिलो," असं त्याचं म्हणणं. नातवाचं म्हणणं वेगळं. रंग मारू, नवीन क्रोम चढवू, चमकवून विकू, दुप्पट येतील.

घरातल्या काकूंचं वय अठ्ठ्याहत्तर. गाडी त्यांच्या यजमानांची. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, आम्हाला कोणी फसवू नये, अन् आमच्याकडून कोणी फसू नये. एवढं पाहून सांगा."

अशा वेळी मी आधी कागद मागतो. इंजिनकडे नंतर पाहतो. फ्रेमच्या मानेवर कोरलेला चेसिस नंबर आणि इंजिनच्या खोक्यावरचा नंबर, दोन्हींवर कागद ठेवून पेन्सिल घासली, आरटीओत चेसिस प्रिंट घेतात तशी. बुकाशी ताडून पाहिलं. अंक न् अंक जुळला. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत हे सहसा होत नाही. मधल्या काळात कोणीतरी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेलं असतं, कधी फ्रेम वेल्डिंग करून जोडलेली असते. नंबर जुळले की अर्धी किंमत तिथंच उभी राहते, आणि हे त्या खरेदीदाराला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

"कागद मेलेले" हेही खरं नव्हतं. पुनर्नोंदणी झाली नव्हती एवढंच. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, खाजगी वापराची, चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्यानं नोंदणी केली तर नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. आधीच नोंदवलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. हे सगळं काकूंना समजावलं, कारण गाडी घेणारा माणूस शौकीन हवा, रोजच्या वापराला दुचाकी शोधणारा नको, हे त्यांनी धरून चालायला हवं होतं.

रंगाबद्दल मात्र मी नातवावर जरा जास्तच ताणलो. वीस वर्षांपूर्वी असंच एक काम माझ्याकडे आलं होतं. तीही जावाच. मालकाला नवी कोरी दिसायला हवी होती आणि मलाही तेव्हा तेच बरोबर वाटलं. मूळ रंग खरवडला, टाकी बफिंग करून क्रोमला पाठवली, सोनेरी रेघांच्या जागी स्टिकर लावले. गाडी झगमगली. पुढे पुण्याचा एक संग्राहक ती पाहायला आला, टाकीवरून हात फिरवला आणि काही न बोलता चहा पिऊन निघून गेला. त्याला हवी होती ती गाडी मी स्वतःच्या हातानं पॉलिश पेपरखाली घासून टाकली होती. कारखान्यात दिलेला रंग एकदा गेला की कितीही पैसे टाकून परत येत नाही. म्हणून नातवाला सांगितलं, मऊ कापड, साबणाचं पाणी आणि मेण. यापलीकडे टाकीला हात लावायचा नाही.

इंजिन जाम होतं, ते त्या दिवशी सोडवता येण्यासारखं नव्हतं. किक मारायची नाही, असं घरातल्या सगळ्यांना बजावलं. जावाची किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात. दांडा आत दाबून मागे फिरवला की त्याचीच किक होते, त्यामुळे पोरांना पाय मारून पाहायचा मोह होतोच. जाम इंजिनवर जोर केला तर तुटणार ते आतलं. प्लग काढून बॅटरी टॉर्चनं पाहिलं. पिस्टन बराच वर अडकला होता, सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, झाकलेले, म्हणून वरून ओतलेलं तेल टिकून राहणार होतं. डिझेल आणि पातळ तेलाचं मिश्रण भरलं आणि पंधरा दिवसांनी येतो म्हणून निघालो.

दुसऱ्यांदा गेलो तो मंगळवार. सकाळी साडेसात, तरी ढेलजेच्या फरशीला पाय टेकवत नव्हता. या वेळी घरात आणखी एक जण होते, काकूंचे धाकटे दीर. सत्तरीच्या उंबरठ्यावरचे, नोकरीतून निवृत्त, वाटणीच्या कामासाठी आलेले. मी त्यांना काकाजी म्हणालो. ते खुर्ची ओढून गाडीपासून जरा लांबच बसले.

उजवीकडचं झाकण काढून डायनमोच्या बोल्टावर पाना लावला. थोडं पुढे, थोडं मागे. चौथ्या-पाचव्या वेळी करकर आवाज आला आणि पिस्टन सरकला. नातू ओरडलाच. मला मात्र आवाज आवडला नाही. गंजानं धरलेला पिस्टन सुटताना खरखरतो. हा आवाज चिवट होता, धातूला धातू चिकटल्यासारखा. हेड उतरवलं, नट ढिले करून सिलिंडर वर खेचला, पिस्टन हाती आला.

सिलिंडर बिडाचा, पिस्टन अॅल्युमिनियमचा. पिस्टनच्या अंगावर सगळीकडून उभे ओरखडे, अॅल्युमिनियम पुसून सिलिंडरच्या भिंतीला लागलेलं. नुसत्या कमी पेट्रोलनं किंवा हवा ओढल्यानं इंजिन तापलं असतं, तर सायलेन्सरकडची बाजू जास्त जळाली असती, माथ्यावर खूण असती. इथं चारी बाजू सारख्या घासलेल्या होत्या. पिस्टनची पिन निळी पडली होती आणि तिचं पितळी बुश काळवंडलेलं. तेल न मिळालेला धातू असा दिसतो.

तरी मी घाई केली नाही. कार्बोरेटर उघडला. जावासारख्या टू-स्ट्रोक गाडीत इंजिनला वेगळं तेल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच आत जाऊन बेअरिंग आणि पिस्टन भिजवतं. अशी गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि खाली काळपट, चिकट तेल उरतं. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती फ्लोटची वाटी. माझ्या हातून अशा कितीतरी वाट्या गेल्या असतील, बोट घातलं की बोट काळं. या वाटीत पिवळी, कोरडी खपली होती, नखानं टवका उडावा अशी. टाकीच्या तळाशी, नळाच्या जाळीवरही तेच.

मी ती वाटी नातवाला दाखवत सहज बोलून गेलो, "यात शेवटचं पेट्रोल बिनाऑइलचं गेलं आहे. कोणीतरी पंपावर कोरडंच पेट्रोल भरून गाडी चालवली."

काकू दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे तर म्हणायचे, मिस्त्रीनं बिघडवली. सर्व्हिसिंग करून आणली अन् आठच दिवसांत बंद पडली. १९७६ ची गोष्ट. त्या मिस्त्रीशी मोठं भांडण झालं. पुढे चंद्रपूरला बदली झाली, मग स्कूटर घेतली, अन् ही राहिली ती राहिलीच."

मला त्या मिस्त्रीचं नाव माहीत नाही. कोण होता, आज आहे की नाही, तेही नाही. पण आमच्या धंद्यात हा आरोप मी स्वतः इतक्या वेळा ऐकला आहे, की हातातली वाटी खाली ठेवावीशी वाटेना. सर्व्हिसिंगनंतर काहीही झालं की मिस्त्रीनं केलं. कधी खरं असतं, कधी नसतं, पण नसतं तेव्हा ते सिद्ध करायला मिस्त्रीजवळ काही नसतं. इथं पुरावा होता, फक्त जवळजवळ पन्नास वर्षं उशिरा.

कोणी काही बोललं नाही. मग खुर्चीतून आवाज आला.

"मी भरलं होतं."

काकाजी गाडीकडे पाहत नव्हते. वीस वर्षांचे होते तेव्हा. भावानं कामठीला काही कागद पोचवायला पाठवलं, पेट्रोल आणि ऑइलचे पैसे मोजून दिले. पंपावर पोऱ्यानं ऑइलचं माप किती टाकू विचारलं, यांनी नको म्हटलं. वाचलेल्या पैशांत मित्रासोबत सिनेमा पाहिला. टाकीत आधीचं मिश्रण थोडं शिल्लक होतं, त्यावर कामठी गाठली. परत येताना इंदोऱ्याच्या अलीकडे गाडीनं मागचं चाकच धरलं. तिथून महालापर्यंत ढकलत आणली आणि घरी सांगितलं, आपोआप बंद पडली.

"दादानं विचारलं होतं, ऑइल टाकलं ना? मी हो म्हणालो. मग त्यानं मिस्त्रीला धरलं. मी तिथंच उभा होतो."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला एकदा तरी सांगायचं होतं, भाऊजी. तो मिस्त्री दिवाळीला घरी यायचा. त्यानंतर कधी आला नाही."

एवढंच. आवाज चढला नाही, रडारड नाही. नातू आत गेला आणि माठातलं पाणी घेऊन आला. मी पिस्टन पुसत बसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

किंमत सांगायचं काम राहिलं होतंच. सिलिंडर उलटा धरून आत पाहिलं तर चित्र वाटलं तेवढं वाईट नव्हतं. चिकटलेलं अॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्यानं विरघळतं, बिडाला त्यानं काही होत नाही. आत दगडानं हलकं होनिंग केलं की भिंत स्वच्छ दिसेल. डायल लावून मोजलं. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटरचा, आणि वरच्या टोकाला, जिथं रिंग पोचत नाही, तिथं अजून तोच होता. म्हणजे हे इंजिन आजवर एकदाही बोअर झालेलं, आतून घासून मोठं केलेलं, नव्हतं. पाव मिलिमीटर वाढीव पिस्टनमध्ये काम भागण्याची चांगली शक्यता होती. क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे, रबरी सील मात्र सगळे बदलावे लागणार. नागपूरच्या कोरड्या उन्हानं लोखंड वाचतं, पण रबर दगड होतं. खालचं बेअरिंग हातानं हलवून पाहिलं, किंचित खेळ होता. ते क्रँक उघडल्यावरच कळेल, म्हणून त्याचा खर्च वेगळा धरला.

मग वही काढून त्यांच्यासमोर लिहिलं. जमेच्या बाजूला जुळणारे नंबर, पहिल्या मालकाचं मूळ आरसी बुक, मूळ रंग, न उघडलेला बोअर, आणि काही भागांवर असलेले चेकोस्लोव्हाकियाचे शिक्के. म्हैसूरला सुरुवातीला सुटे भाग तिकडूनच येत. वजेच्या बाजूला एक सायलेन्सर गंजून भोक पडलेला, सीटचं कव्हर बदललेलं, टाकीवरचं एक गुडघ्याचं रबर गायब, टूलकिट नाही, टायर दोन्ही गेलेले. आहे तशी उभी असताना नव्वद हजार ते एक लाख. इंजिन बांधून, कागद नीट करून, रंगाला हात न लावता, पावणेदोन लाखांपर्यंत. हा माझा अंदाज आहे, आणि खाली तसंच लिहिलं. बाजारात खरेदीदार एकच असला तर तो सांगेल तो भाव होतो.

कागदावर एक ओळ इंजिन जाम होण्याच्या कारणाची असते. मी ती लिहिताना थांबलो. घरातली गोष्ट, विकत घेणाऱ्याच्या हाती जाणार. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिहा ना जी. जे झालं ते लिहा." मी लिहिलं, 'ऑइलशिवाय पेट्रोल भरून चालवल्यामुळे पिस्टन चिकटला. मेकॅनिकच्या कामात दोष आढळला नाही.' दुसरं वाक्य किंमतीच्या कागदावर लागत नाही. तरी लिहिलं.

सिलिंडर पोत्यात गुंडाळून मी स्कूटरवर ठेवत होतो, तेवढ्यात काकाजी बाहेर आले. पिस्टन, बोअर, बुश, सील, याचा खर्च किती होईल विचारलं. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "हा वाटणीत धरू नका. हा माझ्याकडे. ऑइलचे पैसे राहिले होते माझ्याकडे."

खरेदीदाराचा त्या आठवड्यात दोनदा फोन आला म्हणे. काकूंनी त्याला सांगितलं की गाडी आत्ता विकायची नाही. इंजिन सध्या माझ्या टेबलावर उघडं पडलं आहे. क्रँक उघडला, खालचं बेअरिंग बदलावंच लागलं. पिस्टन आला आहे, रिंगचा एक सेट मात्र जाड निघाला म्हणून परत पाठवला. नवा आला की बांधायला घेईन.