गाडी एक रात्र ठेवा : आमची वाटचाल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यावरची पाटी अजून ‘शॉकअप रिपेअरिंग’ची, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर दुरुस्तीची आहे. बदलायची राहून गेली. आता राहूच दे म्हणतो, कारण ती बाबांनी स्वतः रंगवली होती.

एमआयडीसीची सुरुवात 1962 साली झाली ती याच वागळे इस्टेटपासून. बाबा इथल्याच एका कारखान्यात फिटर. कारखाना बंद पडला, तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी हा गाळा भाड्याने घेतला आणि रिक्षा-टेम्पोचे शॉकअप भरायला लागले. आयटीआय करून मीही तिथेच चिकटलो. धंदा बरा चालायचा. ठाण्याच्या रस्त्यांनी आम्हाला कधी उपाशी ठेवलं नाही.

मग घोडबंदर रोडला टॉवर उठले आणि त्यांच्या पार्किंगमध्ये अशा गाड्या आल्या, ज्यांना स्प्रिंगच नाही. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचा हवा भरलेला फुगा. मर्सिडीजने एस-क्लासमध्ये हे हवेचं सस्पेन्शन, एअरमॅटिक, आणलं 1998 साली, पण माझ्या हाताखाली तसली पहिली गाडी यायला बरीच वर्षं जावी लागली. एका डॉक्टरांची जर्मन सेदान होती. सकाळी पाहतात तो गाडीचं पुढचं तोंड जमिनीला टेकलेलं, चाकं मडगार्डमध्ये घुसलेली आणि मीटरवर ‘स्टॉप, कार टू लो’.

स्कॅनर उसना आणला. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे फुग्यांत हवा भरणाऱ्या पंपाच्या, बिघाडाचा कोड आला. मी कॉम्प्रेसर बदलला, गाडी दिमाखात वर आली, डॉक्टर खूश, मी त्याहून खूश. तीन महिन्यांनी फोन. “अहो, तुमचा कॉम्प्रेसर परत गेला.”

बाबांना सांगितलं. ते चहा पीत होते. म्हणाले, “टायर पंक्चर असेल तर तू पंप बदलतोस का रे?”

तेच झालं होतं. गळत होता पुढचा फुगा, अगदी बारीक. तेवढी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहायचा. तो मुळात अधूनमधून, थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला. तापतो, पिस्टनची रिंग झिजते, कधी त्याचा रिले, म्हणजे विजेचा स्विच, चिकटून बसतो आणि मग थांबायचं नावच नाही. वर त्याच्या ड्रायरमधले दमट हवा सुकवणारे सिलिकाचे दाणे आपल्या पावसाळ्यात लवकर थकतात. मग पाणी पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे फुग्यांना हवा वाटून देणाऱ्या भागात, उतरतं. मेलेला दिसतो कॉम्प्रेसर, मारणारा वेगळाच असतो. दुसरा कॉम्प्रेसर मी पदरचा घातला. त्या महिन्यात हेल्परचा पगार बायकोच्या भिशीतून गेला.

तेव्हापासून आमचा नियम एकच : गाडी एक रात्र ठेवा.

संध्याकाळी गाळा बंद करताना चारही मडगार्डवर कागदी टेप चिकटवतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप मिलिमीटरमध्ये टेपवरच लिहितो. सकाळी कुलूप उघडलं की चहाच्या आधी तीच मापं पुन्हा. चारपैकी एकच कोपरा उतरला असेल तर तो फुगा किंवा त्याची नळी. एकाच एक्सलची दोन्ही चाकं सारखी उतरली तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकवर. मग साबणाचं पाणी आणि ब्रश. यातही मेख आहे. रबराला चीर पडते ती घडीत. गाडी उंच असताना घडी सरकलेली असते, चीर मिटते, बुडबुडा एक येत नाही. म्हणून गाडी आहे त्या उंचीवर, खाली घोडे (लोखंडी टेकू) लावून तपासायची. घोडे न लावता खाली डोकं घालणाऱ्या हेल्परला मी त्याच दिवशी घरी पाठवतो. फुग्यातली हवा गेली तर गाडी ‘सरका’ म्हणून सांगत नाही.

अर्थात प्रत्येक मेसेज म्हणजे लाखाचं बिल नव्हे. ‘राइड कम्फर्ट रिड्यूस्ड’ घेऊन आलेल्या एका गाडीत हवा ठणठणीत होती. इलेक्ट्रॉनिक शॉकअपकडे जाणारी वायर सोसायटीतल्या उंदराने कुरतडली होती. करंट तुटला की असे बरेच शॉकअप सुरक्षेसाठी कडक होऊन बसतात, मग कासारवडवलीपर्यंतचा प्रत्येक खड्डा थेट कमरेत. कधी उंची मोजणाऱ्या सेन्सरची बोटाएवढी दांडी गंजून तुटलेली असते. कधी गाडी महिनाभर उभी राहून बॅटरीच उतरलेली. त्यांना आम्ही चार्जिंग करून परत पाठवतो, आणि मग ते लोक दिवाळीला मिठाई घेऊन येतात. फुगा बदलून दिलेले येत नाहीत!

“हवा काढा, साध्या स्प्रिंगा टाका,” असं दर आठवड्याला कोणीतरी म्हणतंच. एका जुन्या गाडीला टाकल्या होत्या. गाडी उभी राहिली, पण मीटरवरचा मेसेज गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कोडिंग करूनही अधूनमधून डोकं काढायचा आणि मागच्या सीटवरच्या आजी आम्हाला शिव्या द्यायच्या. आता ते काम घेत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातले फुगेही बसवत नाही. रबराचं वय बाहेरून दिसत नाही.

‘रात्रभर ठेवा’ म्हटल्यावर बरीच गिऱ्हाइकं निघून गेली. शेजारचा गॅरेजवाला तासाभरात कोड पुसून देतो, आम्ही उद्या या म्हणतो. निघून गेलेल्यांतली काही फिरून आली, काही नाही. जी थांबली, त्यांच्या गाड्या रात्री ठेवायला जागा पुरेना, म्हणून गेल्या वर्षी बाजूचा गाळा घेतला. भाडं अंगावर येतं. परवा मालक डोकावले आणि म्हणाले, “इथे तर काहीच काम चाललेलं दिसत नाही हो, चार गाड्या नुसत्या उभ्यायत.”

भाडं वेळेवर मिळतंय, तोवर त्यांना काय समजावायचं?